दोन शेगड्यांच्या मधे

१२ सप्टेंबर

धाकटे,

पत्रात वरती आशीर्वाद लिहायचे असतात. ते पोचले असं समज आणि पुढे वाच.

पहिली गोष्ट, मी अबोला सोडलेला नाही. फोन केला तर बोलावं लागेल. फोनमध्ये आवाज भरून पाठवला तर तेही बोलणंच झालं. कागदावर लिहिणं मात्र बोलण्यात धरत नाहीत. यांना विचारलं, तर म्हणाले, "जावाजावांच्या भांडणाचे कायदे मला विचारू नकोस, मला इथल्या वर्गातले कायदे कळेनात." तेव्हा मीच ठरवलं. आठ वर्षं एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या मांडून आपण पाठीला पाठ लावून रांधलं आणि जे सांगायचं ते बबडीच्या तोंडून सांगितलं. आता बबडी तुझ्याकडे आणि मी इथे परमुलखात, यांच्या शिक्षणापायी. मग मधे कागदच घालावा लागणार. माझी चौथीपर्यंतची शाळा, चुका निघतील. हसायचं तर हसून घे, इथे ऐकू येत नाही.

आता कामाचं. पोर तुझ्या हवाली केली ती तिचं दहावीचं वर्ष मोडू नये म्हणून. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस. रात्री तिला दही द्यायचं नाही. गणिताच्या शिकवणीला भाऊजींनी सोडायचं आणि आणायचं, मैत्रिणीबरोबर येते म्हणाली तरी. रुसली की जेवण टाकते. तेव्हा मागेमागे फिरायचं नाही, ताट झाकून ठेवायचं. आपोआप येते. केसांना हात लावायचा नाही, कमरेपर्यंत मी वाढवलेत. आणि माझ्या शेगडीवर कापड टाकून आलेय, त्यावर तुझे डबे ठेवू नकोस.

इकडे एक खोली मिळाली आहे. संसार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाची वेगळी इमारत आहे, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर. खोलीतच एका कोपऱ्यात स्वयंपाक. शेगडीला जाळ नाही, नुसती काळी काच. तापली की नाही ते हात लावल्याशिवाय कळत नाही, म्हणजे रोज कळतं. कपडे धुवायची यंत्रं तळघरात, सगळ्या इमारतीला मिळून. आपलं यंत्र थांबलं आणि आपण वेळेवर खाली गेलो नाही की पुढचा माणूस आपले ओले कपडे उपसून बाहेर ठेवतो. परवा एका दाढीवाल्याने माझे परकर घड्या घालून ठेवले होते. मी कडाकडा भांडले. त्याला एक अक्षर कळलं नाही, तो हसला आणि माझी बादली वरपर्यंत आणून दिली.

मोठी

२५ ऑक्टोबर

धाकटे,

पत्र मिळाल्याचं बबडीने फोनवर सांगितलं. तू उत्तर लिहिणार नाहीस हे मी धरूनच चालले होते.

थंडी पडली आहे. खिडक्या उघडायच्या नाहीत, उघडल्या तर लगेच बंद करायच्या, आणि उघडल्या नाहीत तर भिंतीला बुरशी येते. काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आमचे विद्यार्थी सेहेचाळिसाव्या वर्षी पाठीला दप्तर लावून जातात. माती तपासायच्या कचेरीत हा माणूस खुर्चीत बसून लोकांना उद्या या म्हणायचा. आता पोराटोरांच्या मागे रांगेत उभा राहून चहा घेतो. शिकवणारी बाई यांच्याहून लहान. ती टेबलावर बसून शिकवते आणि हे उभं राहून उत्तर देतात. पोरं हसली म्हणून आता बसून देतात, पण म्हणतात, बसलं की आठवत नाही. सगळी जण यांना नुसत्या नावाने हाक मारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आता हे चिडणार. हे लाजले! कोवळ्या पोरासारखे लाजले, खरं सांगते.

चौघांनी मिळून एक निबंध लिहायचा होता. त्यातली एक मुलगी यांना म्हणाली, तुमचा भाग पाल्हाळ झालाय, अर्धा काढून टाका. घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, "कचेरीत तुम्ही किती जणांचे अर्ज परत पाठवलेत?" मग जेवले.

परक्या लोकांची नोंद करायची कचेरी आहे, तिथे ओळखपत्रासाठी गेलो होतो. बोटांचे ठसे घेतले. खिडकीतल्या बाईने एक कागद माझ्यापुढे सरकवला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तोच कागद ओढून यांच्यापुढे सरकवला. तुला आठवत असेल, पाहुण्यांनी भरलेल्या घरात तू माझ्या हातातून कागद घेतला होतास, "ताई, राहू द्या, ते इंग्रजीत आहे." तेवढ्यावरून मी अबोला धरला. इथे दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात जो तो मला तेच सांगतो आहे. कुणाकुणाशी अबोला धरू? पण ते परके. तू घरची होतीस. हा फरक मी विसरलेली नाही.

बबडीला सर्दी आहे असं आवाजावरून वाटलं. वाफ दे.

मोठी

९ जानेवारी

धाकटे,

केस कुणाला विचारून कापले?

यांच्या फोनवर फोटो आला म्हणून दिसलं. मानेपर्यंत! म्हणे, विंचरण्यात अभ्यासाचा वेळ जातो. मी विचारलं, "काकूने कापायला लावले का?" तर म्हणाली, "नाही गं आई, काकू रडली कापताना." तू रडलीस म्हणून काय ते परत वाढणार आहेत?

मी मुद्द्याचं लिहिते. हल्ली तिला काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "काकूला विचारून सांगते." स्वेटर बसतो का, काकूला विचारून सांगते. परीक्षेचा नंबर कुठल्या शाळेत आला, काकूला माहीत असेल. अगं, तुला भूक लागली आहे का, हे तरी तुझं तुला माहीत असेल ना, असं मी म्हटलं, तर हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

तुझा एक निरोपही सांगितला तिने. काकू म्हणते, ताईंशिवाय स्वयंपाकघर सुनं वाटतं. तू असं म्हणाली असशील यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

आमचे विद्यार्थी सकाळी ग्रंथालयात जातात ते अंधार पडल्यावर येतात. बोलायला कुणी नाही. मी धुण्याचे कपडे थोडे थोडे करून खाली नेते, म्हणजे जास्त वेळा जाता येतं. यंत्रांसमोर एक बाक आहे. तिथे निरनिराळ्या मुलखांतल्या बायका बसतात. कुणाची भाषा कुणाला येत नाही, पण नवऱ्याच्या मोज्यांना पडलेलं भोक दाखवलं की सगळ्यांना कळतं. पहिल्या परीक्षेत हे एका विषयात नापास झाले होते, ते त्या बाकावरच्या बायकांना मी हातवारे करून सांगितलं. घरी कुणाला सांगू नकोस. पुन्हा परीक्षा दिली, पास झाले.

मोठी

२ मार्च

धाकटे,

परीक्षेच्या दिवसांत पोरीला भंडावू नकोस. पेपर कसा गेला ते विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशीचा कुठला आहे तेवढं विचारायचं.

आता नीट वाच. यांच्या बाईंना यांचं काम आवडलं आहे. हा अभ्यास संपला की पुढची मोठी पदवी इथेच करा म्हणाल्या. पैसे विद्यापीठ देणार. म्हणजे आणखी चार-पाच वर्षं. हे मला विचारायला आले तेव्हा यांचं तोंड असं झालं होतं की नाही म्हणायची सोय नव्हती. कचेरीत इतकी वर्षं काढली, हा माणूस कधी सकाळी शीळ घालत उठला नव्हता. इथे घालतो.

तेव्हा परीक्षा झाली की बबडीला पाठवून दे. सुट्टीपुरती नाही, कायमची. इथे शाळा मिळते, यांनी चौकशी केली आहे. तुझ्या जिवाला लागेल, मला कळतं, मी काही दगड नाही. तुझ्या पोटी मूल नाही आणि ही पोर पहिलीत असल्यापासून तुझ्या ताटात जेवते. पण ती माझी आहे. वर्षभर सांभाळलीस त्याचे उपकार मानते. लिहून मानते, म्हणजे कायमचे मानले.

सामान कमी भर.

मोठी

२८ एप्रिल

धाकटे,

पोर पोचली.

विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही, पुढे बघत राहिले. ती आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, तू बारीक झालीस." पाहुणीसारखी बोलली. मी म्हटलं, "चल, जेवायला उशीर होतोय." आणखी काय म्हणणार होते?

बॅग तू भरलीस ते उघडताच कळलं. मी भरली असती तर एवढ्या घड्या झाल्या नसत्या. खोलीत पडदा लावून तिला कोपरा करून दिला आहे. एका बाजूला यांची पुस्तकं, एका बाजूला ती. हे तिच्याशी अभ्यासातलं बोलतात, ती यांना त्या डबड्या संगणकात काय काय करून देते. मी मधे नुसती पोळपाट घेऊन उभी.

एक मात्र आहे. तिला इथलं बोलता येतं. शाळेत शिकली तेवढंच, पण बोलते. माझ्या दाताच्या दवाखान्यात आली, बाजारात येते. आता कागद माझ्यापुढे सरकवला की ती वाचून सांगते आणि माझं त्यांना सांगते. मीही मग ऐटीत उभी राहते. डॉक्टर फार चांगले आहेत म्हणे इथले. आधी कधीच काही चांगलं बोलायचे नाहीत, आता तिच्या तोंडून सगळी माणसं गोड बोलतात.

पण जिन्यात बसून ती तुझ्याशी बोलते. दार ओढून घेते. एवढं काय बोलता? मी विचारलं तर म्हणते, "काही नाही, असंच." असंच तास जातो का? आत येते ती डोळे पुसून. मला म्हणते, सर्दी.

पोर आईपाशी रुळायची तर मागची दोरी जरा सैल सोडावी लागते. तुला कळेल असं धरते.

मोठी

१९ मे

धाकटे,

तू भाऊजींना यांच्याकडे चौकशी करायला लावलीस, की बबडी फोन का करत नाही. सगळं ठीक आहे. रमली आहे. नव्या जागी माणूस रमलं की मागचं थोडं विसरतं, त्यात राग मानायचा नाही. तूही फोन करू नकोस, तिचं मन विनाकारण हलतं.

इतकी गुणी झाली आहे म्हणून सांगू. वाढलं ते खाते. सांगितलं ते करते. एकदाही रुसली नाही, ताट झाकून ठेवायची वेळच आली नाही. संध्याकाळी खिडकीत उभी राहते. मी म्हटलं, काय बघतेस, तर म्हणाली, बस बघते.

बाकी ठीक.

मोठी

९ जून

धाकटे,

मागचं पत्र फाडून टाक. आधी काय झालं ते लिहिते, मग माझं.

परवा दुपारी मी मसाला कुटत होते. दारावर थाप पडली. आमच्या खालच्या खोलीतली परिचारिका, रोज जिन्यात दिसते. ती हात हलवून बबडीला बरंच काही म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणते?" बबडी म्हणाली, "विचारते आहे, एवढा छान वास कसला येतो." मला कोण आनंद! म्हटलं, थांब, आणि डबाभर खाऊ भरून तिच्या हातात कोंबला. बबडी तिला काहीतरी म्हणाली. ती बाई डब्याकडे बघत राहिली, मग माझा हात हातात घेतला आणि खाली गेली.

पडद्यामागून हे हसत बाहेर आले. म्हणाले, "अगं, ती भांडायला आली होती! रात्रपाळी करते, दिवसा झोपते. म्हणाली, आठवडाभर हे ठोकणं ऐकतेय, आता कचेरीत तक्रार करणार. आणि तुझ्या लेकीने तिला सांगितलं, आई तुमची माफी मागते आहे, हा खाऊ तुमच्यासाठीच केला होता."

मी बबडीला म्हटलं, "मी कधी गं माफी मागितली?"

"मागितली नाहीस, म्हणून मी मागितली."

"हे असलं कुठे शिकलीस?"

"घरी," म्हणाली. "स्वयंपाकघरात."

मला वाटलं तू शिकवलंस. तोंडात तुझं नाव आलंही होतं. मग ती सांगायला लागली, भांडी पुसता पुसता, सहज. मी म्हणायचे, तिला सांग, खरकटं ज्याचं त्याने काढावं. ते तिने तुला सांगितलं, आई म्हणते तू दमली असशील, खरकटं राहू दे. तू म्हणायचीस, सांग तुझ्या आईला, मी तिची मोलकरीण नाही. ते मला ऐकवलं, काकू म्हणते आज पोळ्या मी लाटते.

मी म्हटलं, "खोटं. पोळ्या तिने खरंच लाटल्या होत्या."

"हो. मी तिला सांगितलं होतं, आईचा हात दुखतोय आणि तिला विचारायची लाज वाटतेय."

आठवून बघ, धाकटे. माझा ताप, तू पाठवलेली पेज. तू माहेरी गेल्यावर मी घासून ठेवलेली तुझी भांडी. आपण भांडलो त्या आपण होतो, आणि ज्या एकमेकींना संभाळून घेत होतो त्या हिने बनवलेल्या दोघी होत्या. पहिलीतल्या पोरीने.

आता माझं. मे महिन्यात मी बबडीला सांगितलं की काकूचा निरोप आला आहे, आता सारखा फोन करू नकोस, आम्हालाही जरा मोकळं होऊ दे. तू असं म्हणाली नव्हतीस. मी केलं ते.

हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तीच म्हणाली, "तो निरोप तुझा होता ना? मला तेव्हाच कळलं."

"कशावरून?"

"काकू मला दम देते, पण दुसऱ्याच्या हाती नाही पाठवत. आणि आई, इतकी वर्षं निरोप मी केलेत. मला खोटा दाखवतेस?"

"मग फोन का थांबवलास?"

"तुला ते हवं होतं म्हणून. काकूला नंतर मी बाबांच्या फोनवरून कळवलं, माझा फोन बिघडलाय." म्हणजे तुला आलेला तो मजकूर खोटा होता. फोन ठणठणीत आहे.

रागावली असती, ताट टाकलं असतं, तर मला जमलं असतं. ती नुसतीच ताटल्या रचत होती. मी म्हटलं, "जा, काकूकडे जायचं असेल तर जा. मी अडवत नाही." मला वाटलं, आता हिचा चेहरा खुलेल. तो बघायचीही मी तयारी केली होती.

ती म्हणाली, "काकूकडे नाही जायचं."

जरा वेळ, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग म्हणाली, "इथेही नाही. अकरावीला वसतिगृह असलेलं कॉलेज बघितलंय मी, बाबांनी अर्ज भरलाय. तिथे सगळ्या जणी अनोळखी आहेत. मला नुसतं माझं बोलायचंय आता."

मी यांच्याकडे बघितलं. यांना माहीत होतं. म्हणाले, "शिकायचं वय नसताना मी घर सोडून आलो. तिचं तर वय आहे." असले टोमणे मारायला इथेच शिकले हे.

पुढच्या आठवड्यात ती निघते. दिवस आणि वेळ हे भाऊजींना कळवतील. विमानतळावर तूही जा, भाऊजींना एकट्याला पाठवू नकोस. घरी ने, चार दिवस ठेव, मग वसतिगृहात पोचव. रडून थांबवायचं नाही. मी इथे थांबवून बघितलं आहे. राहते, पण मग ती उरत नाही. रुसली की तू काय करायचीस ते मला कधी विचारायला सुचलं नाही. ताट झाकून ठेवणं हे काही बरोबर नसावं.

आणि एक. रविवारी सकाळी तुझ्या फोनवर माझा फोन येईल. मी बोलणार आहे, तोंडाने. अबोला मी मोडला, तू जिंकलीस, हवं तर घरात सगळ्यांना सांग. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. माझ्या तोंडून वाकडंच निघेल आणि तुझ्याही निघेल, आणि मधे उभं राहून ते सरळ करायला कुणी नसेल. शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी फोन ठेवणार नाही. पण उचल.

मोठी